सर्कसच्या तंबूतले खाँसाहेब

रत्नागिरीहून एका आईचे पत्र आले होते. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि वरच ठळक अक्षरांत लिहिलेले, "नाव छापू नका." मुलगा चोवीस वर्षांचा. आधी मित्रांबरोबर सिगारेटमधून चरस, पुढे पूड. घरातली तांब्याची भांडी गेली, आजीच्या कानातले गेले, बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. गेल्या रमजान ईदनंतर वडिलांनी त्याला घराबाहेर काढले आणि कडी लावली. पत्राच्या शेवटी त्या माऊलीने विचारले होते, "भाईसाब, आम्ही बरोबर केलं की चूक? कोणी म्हणतं घरात घेतलंत तर धाकटा बिघडेल. कोणी म्हणतं बाहेर काही झालं तर अल्लाहला जबाब काय देणार? दोघांचंही खरं वाटतं. मी काय करू?"

अशा पत्राला टपालाने काय उत्तर लिहायचे? आम्ही ते खिशात ठेवले. पुढच्या महिन्यात मिरजेला काम होते, आणि मिरजेहून कोल्हापूर, आंबा घाट करत तोच रस्ता रत्नागिरीला उतरतो. जाऊन भेटावे असे ठरवले. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो होतो. तिथे दर वर्षी उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणे-बजावणे होते, हे आमच्या बहुतेक वाचकांना माहीत असेल. तिथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी गप्पा निघाल्या. बोलता बोलता ते म्हणाले, "करीम खाँसाहेब ज्यांच्या गाण्यावर जीव टाकत, ते रहिमत खाँसाहेब इथून जवळच कुरुंदवाडला गेले. सर्कसवाल्यांच्या घरी."

सर्कसवाल्यांच्या घरी! ही हकीकत आम्ही पूर्वी वाचली होती. पण खिशात ते पत्र असताना ती वेगळीच ऐकू आली.

उस्ताद रहिमत खाँ हे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ ही नावे ख्यालगायकीत आजही कानाला हात लावून घेतली जातात. ग्वाल्हेर दरबारचा आश्रय, घरात पिढ्यांची विद्या, आणि या मुलाचा गळा तर असा की त्याला मेहनत पडते असे ऐकणाऱ्याला वाटतच नसे. अशा घरातला मुलगा. १८७५ साली हद्दू खाँ अल्लाहला प्यारे झाले. मोठा भाऊ महंमद खाँ, तोही नामी गवई, तोही गेला. डोक्यावरचे छत्रच गेले म्हणा ना. रहिमत खाँ ग्वाल्हेर सोडून भटकत निघाले. सोबतीला होती अफू.

अफूबद्दल इथे थोडे सांगायला हवे, नाहीतर आजचा वाचक त्या काळाला आजच्या मापाने मोजेल. तेव्हा अफू चोरून विकत घ्यायची वस्तू नव्हती. इंग्रज सरकार माळव्यातून, बिहारमधून अफू घेई, चीनला पाठवी, आणि देशात परवान्याच्या दुकानांतून विकी. मुंबईत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी अफू घातलेली 'बाळगोळी' देत. १८९३ साली या अफूची चौकशी करायला विलायत सरकारने मोठे कमिशन नेमले. दोन वर्षांनी त्याने अहवाल दिला, त्याचा एकूण सूर असा की हिंदुस्थानात अफूने फारसे बिघडत नाही. सरकारची तिजोरी तिच्यावर भरत होती, मग दुसरा कोणता सूर निघणार होता? तेव्हा कोणी अफूबाज झाला म्हणजे तो वाईट चालीचाच होता असे समजण्याचे कारण नाही. दुःखात, खोकल्यात, अंगदुखीत, झोप यावी म्हणून सुरू झालेली गोळी पुढे त्या माणसालाच गिळून टाकी. गोळी चुकली की नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, पायांत गोळे, झोप नाही. मग माणूस नशेसाठी घेत नाही, त्या यातना टळाव्यात म्हणून घेतो. घरच्यांना हा फरक कळत नाही, आणि तिथेच निम्मी भांडणे होतात.

रहिमत खाँ असे भटकत बनारसला पोचले. कपडे फाटलेले, भान नाही, कोणी दिले तर खायचे. हद्दू खाँचा मुलगा रस्त्यावर गात हिंडतो, हे सांगितले असते तर ग्वाल्हेरात कोणी खरे मानले नसते.

आता दुसरा माणूस. विष्णुपंत छत्रे, सांगलीकडच्या अंकलखोपचे ब्राह्मण. जन्म १८४० चा. घोड्यांचे विलक्षण वेड, आणि तितकेच गाण्याचे. ग्वाल्हेरला राहून त्यांनी अश्वविद्या शिकली आणि तिथेच हद्दू खाँसाहेबांकडे गाण्याची तालीमही घेतली. म्हणजे रहिमत खाँ आणि विष्णुपंत हे गुरुभाऊ. पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी घोड्यांच्या पागेवर होते. मुंबईत इटालियन कियारिनी यांची सर्कस आली, ती या मंडळींनी पाहिली, आणि आपणही अशी सर्कस काढायची असे विष्णुपंतांनी मनावर घेतले. १८८० च्या सुमारास त्यांची सर्कस उभी राहिली. हिंदी माणसाने काढलेली ही पहिली सर्कस. केरळातले तलशेरी आज सर्कसवाल्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, पण तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन या तालीम मास्तरांनी सर्कसचे शिक्षण सुरू केले तेसुद्धा छत्र्यांची सर्कस तिकडे गेल्यानंतरच.

या सर्कसचा मुक्काम उत्तरेकडे असताना बनारसला विष्णुपंतांना आपला गुरुभाऊ सापडला. पहिल्या भेटीत काय बोलणे झाले ते सांगणारे निरनिराळे सांगतात, आम्ही त्यात पडत नाही. झाले ते एवढे नक्की, की विष्णुपंत त्यांना बरोबर घेऊन आले. आंघोळ, कपडे, जेवण, राहायला जागा. आणि जागा कुठे? सर्कसच्या तंबूत. वाघ-सिंहांचे पिंजरे, झोपाळ्यावरचे कसरतपटू, घोडे, विदूषक, आणि त्या गर्दीत ग्वाल्हेर घराण्याचा उस्ताद.

सर्कसची दुनिया ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे चमत्कारिक वाटणार नाही. लहानपणी आम्ही गोगटे कॉलेजच्या बाजूला नातेवाइकांकडे सुट्टीत जात असू, तेव्हा एकदा गावात सर्कस आली होती. आमचे चुलते दुपारी, खेळ नसताना, आम्हाला तंबूच्या मागे घेऊन गेले. मागे कपडे वाळत होते, स्टोव्हवर डाळ शिजत होती, रात्री हसवणारा बुटका जोकर कोणाच्या तरी लेकराला मांडीवर घेऊन बसला होता. कोणी नेपाळी, कोणी मल्याळी, कोणी बिहारी. तिथे कोणी कोणाला 'तू कोणाचा, कुठला' असे विचारत नाही. गावाने ज्याला हसावे त्याला तिथे कामाची जागा मिळते. दारूही तिथे असते, हे खोटे नाही. उंचीवरून पडून दुखावलेली अंगे, रोजचा प्रवास, घरापासून वर्ष-वर्ष लांब, आणि रात्रीचा शेवटचा खेळ संपल्यावरची ती शांतता. पण झोपाळ्यावरून हात सोडणाऱ्या माणसाला समोरून पकडणारा एक ठरलेला माणूस असतो. त्याला ते 'कॅचर' म्हणतात. चुलत्यांनी त्यातल्या एकाला विचारले होते, "तुमचं यांच्याशी भांडण झालं तर?" तो म्हणाला, "भांडण खाली. वर नाही."

विष्णुपंतांनी खाँसाहेबांना नुसते पोसले नाही, गायला बसवले. सर्कसचा मुक्काम जिथे पडेल तिथे खाँसाहेबांच्या मैफली होऊ लागल्या. दिवसभर वाघाच्या खेळाच्या जाहिराती वाटल्या जाव्यात आणि रात्री त्याच गावात जाणकारांनी मालकंस ऐकून डोळे पुसावेत, असे दिवस होते ते. नेपाळच्या दरबारात गाणे झाले. 'भूगंधर्व' हे नाव तेव्हापासून त्यांच्यामागे कायमचे लागले. दक्षिणेतल्या तरुण गवयांनी ही गायकी ऐकली आणि आपल्या गळ्यात उतरवायचा प्रयत्न केला. अब्दुल करीम खाँसाहेबांवर तिचा किती परिणाम झाला हे दोघांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐकल्या तर सामान्य माणसालाही कळते.

आणि अफू? ती सुटली नाही. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण अशा गोष्टी सांगताना शेवट गोड करण्याचा मोह होतो. जुन्या आठवणींतून दिसणारे खाँसाहेब अखेरपर्यंत भोळे, लहरी आणि अफूवाले असेच आहेत. गायला बसण्याआधी स्वतःच्या नावामागे लांबलचक किताब लावून पुटपुटत, मध्येच भलतेच बोलत, मनात नसेल तर गातच नसत. अशा माणसाला वर्षानुवर्षे सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच विचारावे. गोळीची सोयही सर्कसवाल्यांनाच करावी लागत असणार.

काही जण म्हणतात, छत्र्यांना त्यांचे गाणे हवे होते, मैफलींचे पैसे हवे होते. हवे असतीलही. विष्णुपंत व्यापारी माणूस होते, तंबूतल्या प्रत्येकाकडून ते काम घेत. पण आम्हाला या हकिकतीत एक गोष्ट त्याहून मोठी वाटते. १९०५ साली विष्णुपंत वारले. तिथे ही मैत्री संपायला हरकत नव्हती. गुरुभाऊ गेला, देणेघेणे संपले. पण विष्णुपंतांचे धाकटे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना सोडले नाही. पुढे सतरा वर्षे, सर्कसबरोबर आणि सर्कसनंतर, खाँसाहेब त्यांच्याकडेच राहिले. वय झाले, गळा थकला, तरी राहिले. १९२० च्या आसपास त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, सत्तरीच्या घरातला तो आवाज आज आपण ऐकू शकतो तो त्यामुळेच. १९२२ साली कुरुंदवाडला त्यांचा इंतकाल झाला. बनारसच्या रस्त्यावर मरायचा माणूस हक्काच्या छपराखाली गेला.

आंबा घाट उतरताना हेच डोक्यात होते. 'आधी सोड, मग ये' असे विष्णुपंत म्हणाले असते तर? खाँसाहेब आलेच नसते. त्यांनी आधी माणूस उचलला.

पण लगेच दुसरा विचारही आला. विष्णुपंतांच्या घरात लग्नाची मुलगी आणि धाकटा मुलगा त्याच खोलीत झोपत नव्हते. त्यांच्याकडे मोठा तंबू होता, नोकरचाकर होते. रत्नागिरीच्या त्या आईकडे दोन खोल्या आहेत. तिने कडी लावली म्हणून तिला दोष देण्याचा आम्हाला काय अधिकार?

मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर. वडील बोटीवर होते, भेटले नाहीत. त्या माऊलीने चहा केला, तांदळाची भाकरी पुढे ठेवली, आणि मग रडल्या. बदनामीचे दुःख त्यांना मुलाच्या दुःखाइतकेच होते. मोहल्ल्यात काय काय बोलतात ते सगळे त्यांना पाठ होते. किनाऱ्यावर काय येते आहे हे मात्र कोणी बोलत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच जिल्ह्यात, दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली होती. २०० किलोंहून जास्त माल कस्टम आणि पोलिसांनी गोळा केला. वाहून आलेले सापडते तरी. गल्लीबोळांतून हातोहात फिरते ते कोण मोजणार?

"मुलगा कुठे आहे आता?" आम्ही विचारले.

"दोस्ताकडे," त्या म्हणाल्या. "बर्फाच्या कारखान्यात आहे तो. शाळेत होते दोघे बरोबर. गणपतीला आमच्याकडे मोदक पाठवतात ते लोक."

मग हळूहळू कळले ते असे. घराची कडी लागल्यावर चार रात्री मुलगा जेटीवर झोपला. पाचव्या दिवशी या मित्राने त्याला पाहिले. खोलीवर नेले. खोली म्हणजे कारखान्यामागचे पत्र्याचे शेड, दोन बाकडी. त्याने पैसे हातात दिले नाहीत, मोबाईल काढून घेतला, जेवण मात्र दिले. दोनदा मुलगा पळाला, दोनदा त्याने शोधून आणला. तिसऱ्या वेळी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि मानसोपचाराच्या विभागाबाहेर नंबर लावून बसला. चिठ्ठीवर 'सोबत कोण' या रकान्यात त्याने लिहिले, 'भाऊ'.

दवाखान्याबद्दल आमच्या घरांत अजून भीती आहे. रत्नागिरीत शासनाचे मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालये. पण गावात 'मेंटल' हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्यामुळे त्या बाजूला पाऊल टाकायला लोक घाबरतात. दुसरी भीती पोलिसांची. तीही समजण्यासारखी आहे. म्हणून एवढे सांगतो, की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणातल्या नशेच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची सोय आहे. मात्र त्याने उपचार पुरा करायला हवा. घरी बोलायलाच जड जात असेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

औषधाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. पूड, अफू यांच्या व्यसनात डॉक्टर कधी कधी जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज, समोर उभे करून देतात. घरचे म्हणतात, "एक नशा सोडवून दुसरी लावली." तसे नाही. त्या गोळीने अंगातल्या कळा थांबतात, डोके ताळ्यावर राहते, माणूस कामाला जाऊ शकतो. पुढे डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात. रहिमत खाँसाहेबांच्या वेळी असे काही नव्हते. होती ती फक्त अफू आणि शेजारी बसणारा माणूस. आणखी एक धोका लक्षात ठेवा. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग मोहाने पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास बंद पडून जीव जातो. बरीच मरणे अशी, 'सुटली होती' असे घरचे सांगत असतानाच होतात. दारूचे वेगळे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून कोंडणे हा उपाय नाही, मग तो घरात असो की कुठल्या बाबाच्या दारात साखळीला बांधून.

पुण्याच्या मुक्तांगणची सुरुवातही अशाच ओळखीतून झाली होती. अनिल अवचटांच्या एका मित्राचाच मुलगा गर्दच्या आहारी गेला. अवचटांनी त्या विषयाचा माग काढून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते केंद्र सुरू केले. तिथून बरे झालेली कितीतरी माणसे आज दुसऱ्यांना धरून उभी करण्याचे काम करतात.

त्या माऊलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही. पण बुखारी शरीफमधली एक हदीस आम्ही त्यांना आठवून सांगितली. मदिनेत अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते, लोक त्यांना गमतीने 'हिमार' म्हणजे गाढव म्हणत. आपल्या थट्टा-मस्करीने ते अल्लाहच्या रसूलांना (स.) हसवत असत. दारू मात्र त्यांना सुटत नव्हती. त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली. एकदा असेच धरून आणल्यावर कोणी तरी त्यांच्यावर लानत केली. तेव्हा हुजूर (स.) यांनी त्याला अडवले. लानत करू नका, या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा झाली, ती टळली नाही. पण तो माणूस आपल्यातून वजाही झाला नाही.

माऊली बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे ते खाँसाहेब, ते घरी परत कधी गेलेच नाहीत?"

"नाही. ग्वाल्हेरचं घर राहिलंच नव्हतं."

"याचं आहे," त्या म्हणाल्या.

निघताना आम्ही बर्फाच्या कारखान्यावर गेलो. मुलगा आत बर्फाच्या लाद्या ढकलत होता, अंगाने अगदी काडी, आमच्याकडे पाहिले नाही. मित्र बाहेर आला. आमच्या हातात माऊलीने दिलेला डबा होता. सुरमईचे कालवण आणि भाकरी. दोघांना पुरेल इतके. आम्ही तो त्याच्याकडे दिला आणि विचारले, घरी कधी नेणार? तो म्हणाला, "चाचा अजून बोलत नाहीत. चाचींना म्हटलंय, आधी तुम्ही इथे या. जुम्म्याला येणार आहेत." दवाखान्याची पुढची तारीख मंगळवारची होती. त्याने मुकादमाला सुट्टी सांगून ठेवली होती.